तवा किती?

चौगुले आप्पा कुणाच्याही घरी गेले तरी ओसरीवर बसत नसत. सरळ मागच्या दाराला जायचे, स्वयंपाकघरात वाकून बघायचे आणि विचारायचे, "तवा किती?" बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पुरुष चिडायचे. आप्पा नाक मुरडून म्हणायचे, "मिळकत इचारली की समदी खोटं बोलत्यात. तवा खोटं बोलत न्हाय."

बेळगावच्या आमच्या ऑफिसात दर काही वर्षांनी तालुक्यातल्या घरांची मिळकत काढायचं काम चाले. पुन्हा त्याच गावांत जायचं आणि मिळकतीच्या रांगेत मधोमध येणारं घर गेल्या खेपेपेक्षा वर आलं की खाली गेलं ते सांगायचं. एका तव्यावर जेवणारे सगळे म्हणजे एक घर, हा नियम. आप्पा आमचे सुपरवायझर. सदलग्याचे जैन, शेतीवाडीतले, मराठी आणि कन्नड दोन्हींत सारखेच तिखट. मी कंग्राळीहून नवी आले त्या दिवशी त्यांनी आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. मधोमध मी आले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्येला म्हंत्यात मध्यक. टोकाचा ताडाएवढा वाढला तरी हिचं काय बदलतंय? सरासरी काढली की एकटा तंबाखूचा व्यापारी सगळ्या गावाला श्रीमंत करून सोडतोय. शी!"

ही "शी" दिवसभर चालायची. चहावर साय आली, शी. साहेबांनी अहवालाला चकचकीत पुठ्ठा लावला, शी. त्यांच्याबरोबर फिरून मलाही ती सवय लागली. खरं सांगते, या कामात तोंडून दुसरं काही निघतच नाही.

निपाणीकडच्या एका गावात दुमजली घर होतं, दारात ट्रॅक्टर, आणि तीन भाऊ आपापलं रेशनकार्ड घेऊन उभे. "आम्ही वेगळं निघालोय," थोरला म्हणाला. तिघांनी सांगितलेली मिळकत ऐकून मला वाटलं, आपल्या डब्यातली भाकरी यांना देऊन टाकावी. तेवढ्यात आप्पा मागून आले. आत एकच तवा होता, थोरली जाऊ भाकऱ्या बडवत होती आणि तिन्ही घरची पोरं एका पंगतीत जेवत होती.

"वेगळं निघालाय व्हय? मग वहिनीच्या हातची भाकरी कशी गोड लागती रं?" आप्पांनी विचारलं आणि मला एकच घर लिहायला लावलं.

ऑफिसात साहेबांनी त्याची पुन्हा तीन घरं करायला सांगितली. सगळीकडेच यंदा कार्डं धरा म्हणाले. घरं फुटली की मिळकत खाली दिसते, आणि तालुका गरीब दिसला की योजना मिळतात.

"गेल्या खेपेला तवा धरलाय, आता कार्ड?" आप्पा म्हणाले. "मग घसरलं ते घर, का आपलं माप?"

"चौगुले, तुम्हाला तालुक्याचं भलं नको काय?"

आकडा कार्डांवरूनच गेला. ट्रॅक्टरवाले भाऊ कागदावर गरीब झाले आणि साहेबांचा हार घालून सत्कार झाला. मला त्या हाराच्या वासाचीही किळस आली. आप्पा पुढच्या वर्षी निवृत्त झाले, निरोपाचा पेढासुद्धा त्यांनी घेतला नाही.

साहेब बदलले, तव्याचा नियम परत आला. यंदा सदलग्यात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांमध्ये आप्पांचंच घर होतं. मी गेले तर आप्पा ओसरीवर बसलेले. जन्मात पहिल्यांदा त्यांना ओसरीवर बघत होते. मी सवयीनं मागच्या दाराकडे वळले.

"हितंच बस की गं," ते घाईनं म्हणाले. "तिन्ही पोरं एकत्रच हाईत. एक घर लिही."

"आप्पा, तवा किती?"

"एक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढ्यात धाकटी सून दारात आली. "मामा, आजपास्नं तुमचं जेवण मधल्यांकडं. मी भात टाकलेला न्हाय." एवढं बोलून ती आत गेली. आत तीन खोल्यांत तीन कुकर वेगवेगळ्या शिट्ट्या मारत होते.

आप्पांनी मी लिहिलेल्या 'एक'वर बोट ठेवलं. मग म्हणाले, "खोड ते. तीन लिही."

मी तीन लिहिली. "आणि तुम्हाला कुठं लिहू?"

"नियम काय हाय? माणूस जेवतो त्या घरात. मधल्यात लिही."

"पेन्शनपण मधल्यात?"

"ती तिघं वाटून घेत्यात."

माझ्या तोंडून "शी!" निघालं. चांगलं मोठ्यानं म्हटलं, आत तिन्ही खोल्यांत ऐकू जावं म्हणून.

आप्पांनी माझ्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ धरून नीट वाचला आणि परत दिला.

"माप बरोबर हाय न्हवं? मग ऊठ. फुडच्या घरी जा."