गाडीची मूळ उंची

आमच्या घरात एक स्पोर्ट्स कार आहे. ती आमच्या ट्रॅक्टरपेक्षा हळू चालते, पण तिच्यापायी मी एकदा भर गर्दीत तिच्या डिकीत बसलो होतो, त्यामुळे तलासरीत मला अजूनही लोक ओळखतात.

गाडीची हकीकत अशी. घोलवडला आमच्या चिकूच्या वाडीला लागून एका इराणी शेटची वाडी होती. वाडी विकून मुलाकडे परदेशी जाताना शेटनी आपली लाल, दोन सीटची, बिनटपाची विलायती गाडी आमच्या आप्पांच्या हवाली केली. "तू हिला नीट सांभाळशील," एवढंच ते म्हणाले आणि आप्पांनी ते फार मनावर घेतलं. मला लहानपणी ताप आला की आप्पा म्हणायचे, "उतरेल." गाडी तापली की मात्र त्यांना जेवण जायचं नाही.

यंदा दोन गोष्टी एकत्र आल्या. गाडीचं आरटीओचं पासिंग संपत आलं होतं, आणि आई-आप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. आप्पांनी जाहीर करून टाकलं, "त्या दिवशी हिला या गाडीतून चिंचणीला, तिच्या माहेरी घेऊन जाणार. समुद्राकडच्या रस्त्यानं. आम्ही दोघंच."

आई लाजली वगैरे काही नाही. ती म्हणाली, "जाईन. पण एकदा त्या गाडीत बसले की मला उठता येत नाही. चिंचणीला मला गाडीसकट घरात न्यावं लागेल."

खरंच होतं ते. गाडी इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ रस्त्यावर मांडी घालायची. त्यात आईचे गुडघे. आप्पांचा चेहरा पडला, आणि तो पडलेला मला बघवेना. मी मनात म्हटलं, पमू, तू मेकॅनिकलचा डिप्लोमा कशासाठी केलास? (दोन विषय राहिलेत, पण ते काही गाड्यांचे नव्हते.)

मी आप्पांना "सर्व्हिसिंग" असं सांगून गाडी तलासरीला बाबूभाईच्या गॅरेजात नेली. बाबूभाई टेम्पो आणि ट्रॅक्टरमधला माणूस. मी त्याला सांगितलं, सीट चांगली वीतभर वर आली पाहिजे, आईला सहज बसता-उठता आलं पाहिजे.

"मागच्या स्प्रिंगला टेम्पोचे पाटे टाकू," बाबूभाई म्हणाला. "मस्त वर येईल. पण पासिंगचं काय?"

"ते मी बघतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा बोललोय, तेव्हा ते दुसऱ्याच कुणालातरी बघावं लागलंय.

चार दिवसांनी गाडी वर आली. मस्तच वर आली. पुढून होती तशीच आणि मागून उंच, म्हणजे दाणे टिपणारी कोंबडी जशी दिसते तशी. आप्पांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "हिला झालंय काय?"

"नवीन सर्व्हिसिंग आहे आप्पा. बसेल हळूहळू."

आप्पांनी विश्वास ठेवला. तिकडे आई मात्र गाडीत बसली, उठली, पुन्हा बसली, आणि म्हणाली, "अगोबाई, खुर्चीसारखी झाली की." मी इतका खूश झालो, की येताना तलासरीच्या बाजारातून घेतलेला नवा कोयता तिच्या हातात भेट म्हणून ठेवला. (कोयता भेट देणारा मुलगा मी एकटाच असेन. पण वाडीत कोयत्याइतकं उपयोगी दुसरं काय असतं?)

पासिंगच्या आदल्या दिवशी माझी बायको हेतल मोबाईल घेऊन आली. ती उंबरगावची, तिला कुठल्याही कामाच्या आधी नियम वाचायची सवय आहे. आमच्या खानदानात ही सवय तिनंच आणली.

"प्रमोद, मूळ रचनेत बदल केलेला चालत नाही. उंचीसुद्धा. परवानगीशिवाय काही बदललं तर गाडी नापास."

"कोण बघतंय एवढं?"

"आरटीओच्या मॅडम बघतात. नवीन आल्यात. मागच्या कॅम्पला एका स्कूलव्हॅनचा जास्तीचा हॉर्न काढायला लावला, तोही त्यांच्या समोर."

मी बाबूभाईला फोन लावला. "जुने पाटे परत टाक रे बाबा, आजच्या आज."

"जुने? ते तर लोहाराला दिले मी. त्यांचे कोयते करतो तो. आपल्याकडे असंच करतात ना."

माझी नजर हळूहळू भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या कोयत्याकडे गेली. त्याला गाडीच्या पाट्यासारखाच किंचित बाक होता.

आता करायचं काय? गाडी नापास झाली तर आप्पांची चिंचणी गेली. पन्नास वर्षांत आई-आप्पांनी कधी दोघांनीच असं फिरायला जायचं काढलं नव्हतं; कायम कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी तोडणी. आणि आता आप्पांनी नवीन शर्ट शिवायला टाकला होता. मला घशाखाली घास उतरेना (हे दुसऱ्या वाढपानंतर सुरू झालं).

आणि तेवढ्यात समोर तोडून ठेवलेला चिकू दिसला. मला साक्षात्कार झाला. गाडी वर गेलीय ना? मग वजन टाकून खाली आणायची. डिकीत चिकूच्या गोण्या, सीटमागच्या जागेत आणखी गोण्या. हेतल शिवणाची टेप घेऊन मागच्या चाकाशी बसली. मी गोणी टाकत गेलो, ती मापत गेली.

"अजून."

"अजून एक."

"बस. जुन्या फोटोत आहे तश्शी झाली," हेतल म्हणाली. मग टेप गुंडाळत तिनं मला विचारलं, "तू आप्पांना खरं का नाही सांगत?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. आप्पांना मी सांगितलं, की या गोण्या चारोटीच्या एका स्टॉलवाल्याच्या आहेत, पासिंग झालं की तसंच पुढे जाऊन टाकून येऊ.

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक तलासरीच्या पासिंगच्या कॅम्पाला पोहोचलो. मैदानात रांग लागलेली. टेम्पो, रिक्षा, स्कूलव्हॅन, आणि मध्ये आमची लाल गाडी, अगदी मूळ उंचीवर. मॅडम रांगेवरून एक चक्कर मारून गेल्या. आमच्या गाडीपाशी थांबल्या, कौतुकानं मान डोलावली, म्हणाल्या, "छान ठेवलीय हो. नंबर आला की बघते."

मी निर्धास्त झालो. आप्पांना गाडीपाशी बसवून झेरॉक्स काढायला गेलो. झेरॉक्सच्या दुकानात लाईट गेली होती. ती येईपर्यंत मी शेजारी वडापाव खाल्ला. एकच. नंतर अजून एक.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. घोलवडचा माणूस चार माणसांत चिकू घेऊन उभा असेल, तर तो चिकू परत घरी येत नाही. समोरच्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं म्हणजे आपलीच शोभा. आप्पा तर या बाबतीत कडवे. मी परत आलो तेव्हा अख्ख्या रांगेत प्रत्येकाच्या हातात पिशवी होती, आणि आप्पा मध्यभागी उभं राहून सांगत होते, "आत्ता खाऊ नका, कच्चे आहेत. तांदळात घालून ठेवा, पिकले की बघा कसे लागतात ते. अरे, तू घे की अजून, घरी पोरं असतील."

गाडी कोंबडी झाली होती.

"आप्पा! चारोटीच्या माणसाचे चिकू ते!"

"त्याला उद्या देऊ. वाडीत काय कमी आहेत?" आप्पा म्हणाले. "मी मॅडमनाही पिशवी नेऊन दिली. तर म्हणतात, ड्युटीवर असं काही घेता येत नाही, ही लाच होते. मी म्हटलं, मॅडम, कच्ची लाच कुणी देतं का?"

आणि तेवढ्यात स्पीकरवरून आमचा नंबर पुकारला. इकडेतिकडे बघितलं. वजनदार असं आसपास काहीच नव्हतं.

म्हणजे, मी होतो.

(माझं वजन हा आमच्या घरात चर्चेचा विषय आहे. ते त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं.) मी डिकी उघडली, आत बसलो, गुडघे छातीशी घेतले. गाडी कण्हत खाली आली. बऱ्यापैकी खाली आली. मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे कोण?" त्यांनी आप्पांना विचारलं.

"माझा मुलगा."

"डिकीत का बसलेत?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, पण मुलगा तो मुलगा. "त्याला ऊन सोसत नाही," ते म्हणाले.

"उतरा," मॅडम मला म्हणाल्या.

मी उतरलो. म्हणजे, प्रयत्न केला. रांगेतल्या दोघांनी हातातल्या चिकूच्या पिशव्या खाली ठेवून मला ओढलं. मी बाहेर आलो आणि गाडीनं मागचा भाग दिमाखात वर उचलला. सगळं मैदान हसलं. आप्पा हसले नाहीत.

"मघाशी मी ही गाडी बघितली तेव्हा खाली होती," मॅडम म्हणाल्या. "दर वेळी बघतेय तर थोडी वर. मला वाटलं, माझीच नजर गेली." त्यांनी वाकून खाली पाहिलं. "टेम्पोचे पाटे आहेत हे. कशासाठी?"

मग मी सगळं सांगून टाकलं. आईचे गुडघे, पन्नास वर्षं, चिंचणी, कोयता, गोण्या. सांगताना माझा आवाज जरा कापला, आणि मला वाटलं, आता मॅडमही विरघळतील.

"नापास," मॅडम म्हणाल्या. "गरज असेल तर बदल करता येतो, पण आधी परवानगी घ्यायची. पुढच्या कॅम्पला मूळ पाटे टाकून आणा, मी स्वतः बघेन." मग त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "एक विचारू? आईंना सीट उंच हवी होती ना? मग सीटवर उशी का नाही ठेवलीत? उशीला परवानगी लागत नाही."

डिप्लोमाचे दोन सोडून सगळे विषय माझे सुटले होते, पण उशी त्यांत नव्हती.

परतीच्या वाटेवर आप्पांनी गाडी अगदी हळू चालवली. घराजवळ आल्यावर फक्त म्हणाले, "आईसाठी केलंस, ते ठीक. पण मला विचारायचं होतंस रे." मला डिकीत बसताना लाज वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली.

दुसऱ्या दिवशी लोहाराकडे गेलो. नशीब थोर, जुने पाटे त्याच्या अंगणात पडलेले होते. फक्त एकाचा कोयता झाला होता, आणि तो आमच्या भिंतीवर होता. त्याच्या जागी लोहारानं ढिगातून तसाच एक पाटा काढून दिला. पुढच्या कॅम्पला गाडी पास झाली. मॅडमनी सही करताना डिकी उघडून आत एकदा डोकावून पाहिलं, तेवढंच.

लग्नाच्या वाढदिवशी आप्पांनी नवा शर्ट घातला. आईच्या सीटवर हेतलनं दोन उशा ठेवल्या, एकीवर एक. आई सहज बसली, पदर सावरून घेतला आणि आप्पांकडे अशी बघून हसली, की मला पटकन दुसरीकडे बघावं लागलं. मलाही चिंचणीला जायचं होतं. मामानं मासे आणून ठेवले होते. पण गाडीत सीट दोनच. माझी स्कूटर पंक्चर होती. मी मोठ्या आशेनं डिकीकडे पाहिलं.

"नको," आप्पा गाडी सुरू करत म्हणाले. "गाडी मूळ उंचीवर आहे."