दहाव्याचं हसू

माझा भाऊ भिमाजी चाकणच्या कंपनीत क्रेन चालवायचा. बावीस वर्षं. दहा टनांचा साचा असा अलगद टेकवायचा की खालच्या माणसाच्या हातातला चहा हलायचा नाही. स्वभावही तसाच. बडबडीचा सगळा वाटा देवानं मला दिला.

असा हा माणूस माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला खदाखदा हसला.

पवनेच्या घाटावर पिंड ठेवलं होतं, कावळा काही शिवेना. माणसं उन्हात ताटकळली. आमच्यात अशा वेळी कुणीतरी पुढं होऊन गेलेल्याला शब्द देतं, की मागच्यांचं मी बघीन, तू निवांत जा. दादा पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "पाव्हणं, तनुजाचं शिक्षण मी..." आणि हसत सुटला. थांबेचना! अख्खं पिंपळे गुरव बघत होतं. कुणीतरी म्हणालं, "प्यायलाय." त्याआधी थोडे दिवस त्याची जीभ जडच वाटत होती, म्हणून मलाही ते पटलं.

"मेल्या, परत तोंड दाखवू नकोस!" मी भर घाटावर ओरडले. आणि तसंच वागले. दिवाळीला ओवाळायला बोलावलं नाही. त्याचा फोन आला की लेकीला, तनुजाला, सांगायचे, "आई घरी न्हाई म्हण."

आठ महिन्यांनी सुमनवहिनी आकुर्डीहून थेट दारात. "त्यांना क्रेनवरून उतरवलंय. हातानं काही धरवत न्हाई. भांडायचं ते नंतर भांडा, आधी दवाखान्यात चला."

तिथं डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढला. म्हणाल्या, वरच्या थरातल्या मोठ्या पेशी खाली हुकूम पाठवतात: जीभ हलव, घास गिळ, बोट उचल. यांच्या त्याच पेशी मरत चालल्यात. हसू-रडू आवरायचा लगामही त्याच वाटेनं जातो. तो सुटला की आत रडू असतं आणि तोंड हसतं.

"बरा होईल ना?"

"नाही. हसणं कमी करायला गोळी देता येईल."

अगं बाई! आठ महिने मी त्याला शिव्या घातल्या होत्या. मी तशीच उठून बाहेर धावले.

दादा बाहेर बाकावर बसला होता. बोलणं जवळजवळ गेलेलं. "दादा, चुकलं रे माझं," म्हणाले, तर तो मोठमोठ्यानं हसायला लागला, डोळ्यांतून धारा. लोक वळून बघायला लागले.

"काय बघताय? भाऊ हाय माझा!" मी खेकसले.

त्यानं मोबाइल मांडीवर ठेवला, एकेक अक्षर शोधत लिहिलं आणि माझ्याकडं सरकवला.

"मला वाटायचं मीच वाईट हाय. आजार निघाला, बरं झालं."