मानाप्रमाणे मागणी

निजाम गेला, मग राज्यं तुटली-जुळली, आणि भीमपूरकडचं आमचं गाव झोपल्या जागी तेलुगू मुलखात जाऊन पडलं. नदीपलीकडचे सोयरे रातोरात परराज्यातले झाले. त्याच धामधुमीत विकास खात्याचा एक तेलुगू साहेब जीप घेऊन आला नि हिंदीत म्हणाला, "गाव तुम्हारा, तो मनसुबा भी तुम्हारा. बोलो, आगे क्या-क्या होना?"

असं आम्हाला उभ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. आधी कोणी बोलायचं यावरून असा कल्ला उठला, की पिंपळावरचे बगळे थेट उटनूरला जाऊन बसले. शेवटी पाटलांनी निकाल दिला, "पोळ्याले ज्या मानानं बैल तोरणाखाली उभे राह्यतात, त्याच मानानं बोला." सगळ्यांना पटलं. आमची जोडी तिसरी, म्हणून मला जरा जास्तच पटलं.

पाटलांनी वेशीवर दगडी कमान मागितली, हत्ती जाईल एवढी.

"मंग हत्तीबी मागून घ्या न, पाटील," कोणीतरी मागून बोललं.

दुसऱ्यानं कौलारू चावडी मागितली. मग मी उठलो. मी सडक मागितली, जिनिंग मागितली, आणि रेल्वे तर मागितलीच. आमच्याकडे कापूस असा पिकतो की गाडीवान ढिगाआड हरवतो, बायको हाका मारून मारून माहेरी निघून जाते, हे साहेबाला पटवून दिलं. साहेब पोट धरून हसला. मग मला कोण थांबवतो!

नाल्यापलीकडच्या वस्तीची जोडी तोरणात सगळ्यांत शेवटी. तिथले पुरुष लाकूडतोडीला रानात गेलेले, म्हणून वस्तीच्या वतीनं एक बाई आली होती. आमच्या विहिरीवरून पाणी नेता नेताच थांबलेली, डोक्यावर भरली घागर. वस्तीला विहीर नव्हती. तिला तेवढीच मागायची होती, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती जरा पुढे सरकली.

"थांब न बाई," पाटील म्हणाले, "रांग काऊन मोडून राह्यली? तुहा नंबर येते न."

"बैलाले तरी पानी पाजून उभं करता, पाटील," ती म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, आणि स्टेशन कुठे बांधायचं ते सांगू लागलो.

माझ्यामागच्यांनी घाईघाईत आपापलं मागून घेतलं, तोवर सूर्य कलला. साहेबानं पेन खिशात खोचलं. "सब हो गया?"

"हो गया!" गाव गरजलं. त्यात माझा आवाज सगळ्यांत वर होता. माझा आवाज नदीपलीकडच्या गुरांनाही ओळखू येतो, खोटं सांगत नाही.

जीप सुटली. तेव्हा कुठे माझं लक्ष तिच्याकडे गेलं. ती एका हातानं घागर धरून चुंबळ नीट करत होती. अंगावर कोणी शेण फेकावं तसं मला झालं. मी जीपमागे धावलो. "साहेब, विहीर! विहीर राह्यली!"

गावाला वाटलं, मी जयजयकार करतोय. मागून "जय! जय!" असा गजर उठला, की माझं मलाच ऐकू येईना. साहेबानं वळून हसत हात हलवला. आणि माझा मेल्याचाही हात वर गेला.

धापा टाकत परत आलो. तिनं घागर उतरवली.

"लय पळाले, भाऊ. घ्या, पानी प्या."

नको म्हणायला तोंड नव्हतं, आणि तहान तर खरीच लागली होती. मी ओंजळ धरली. ती ओतत राहिली.