नैऋत्येचा डबा

थोरल्या भावाची पुण्यातली नोकरी संपली आणि सांगोल्याजवळच्या आमच्या माळावर फार्महाऊस बांधायचं त्यानं मनात घेतलं. बांधणं राहिलं बाजूला, जहाजावरचा जुना लोखंडी कंटेनर तेवढा आणला. आत एसी बसवणार म्हणे! गावानं दुसऱ्या दिवशीच त्याचं बारसं केलं: डबा.

शेत मी कसतो. डाळिंबाची बाग, एक बोअर, एक पाईपलाईन. दादा येतो तो हुरड्याला, पण कुठं काय असावं हे सगळं त्यालाच कळतं. डबा आधी रस्त्याकडेला ठेवला, लोकांना दिसावा म्हणून. लोकांनी पाहिला आणि सकाळी त्याच्या आडोशाला बसायला लागले. मग हायड्रा क्रेन बोलावून तो बोअरजवळ नेला, तर मोटारीचा आवाज दादाला झोपू देईना. शेवटी वास्तूवाला आला. त्यानं मोबाईलमधलं होकायंत्र फिरवून फर्मान काढलं, जड वस्तू नैऋत्येला.

"दादा, तितं नगं. खाली पाईप हाय," मी म्हणालो. "बागेला आता पाणी सोडायचंय."

डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. पानं गळली की वेळेवर पाणी द्यावंच लागतं, नाहीतर फुलं सोडा, झाडंच जातात. हे मी दादाला समजावलं. शहाण्याला शब्दाचा मार असतो. आमचा दादा अतिशहाणा.

"पाईप जमिनीत, कंटेनर जमिनीवर. काय संबंध?"

डबा टेकवला. दुसऱ्या दिवशी मी मोटार चालू केली, तर बागेत थेंब नाही आणि डब्याखालून झरा! "बघ, जागा बदलली आणि पाणी लागलं," म्हणत दादानं तिथं नारळ फोडला. मी मोटार बंद केली तसा झरा आटला. दादानं माझ्याकडेच संशयानं पाहिलं.

पाईप नेमका डब्याखाली मधोमध फुटला होता. डबा उचलल्याशिवाय तो जोडता येईना. मी वाळत चाललेली झाडं दाखवली. बायको म्हणाली, "भाऊजी, वरीसभर आमी ह्याच्यावरच खातो की."

"बघू," दादा म्हणाला. "वास्तू अशी सारखी हलवत नसतात."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, याला याच्याच भाषेत सांगावं.

"दादा, नैऋत्येला पाणी लई वंगाळ. घरातल्या थोरल्याच्या जिवावर येतं म्हणत्यात."

दादाचा चेहरा उतरला. त्यानं उभ्या उभ्या वास्तूवाल्याला फोन लावला. त्यानंही तेच सांगितलं. दुपारच्या जेवणाआधी हायड्रा दारात हजर.

पाईप जोडला, बागेला पाणी गेलं, बहार वाचला. दादा अजून पाहुण्यांसमोर माझी पाठ थोपटतो. "यानं वेळेवर सांगितलं म्हणून, नाहीतर मी गेलोच होतो."

माझी झाडं जात होती तेव्हाही मी वेळेवरच सांगितलं होतं.