मनगटावरची वेळ

धंतोलीतल्या त्या दवाखान्यानं माझ्या बायकोची चाळीस मिनिटं चोरली. दम्यानं धापा टाकत ती इमर्जन्सीच्या दारात पन्नास मिनिटं बसली, कागदावर दहाच. डॉक्टर किती वेळात भेटतो ते मोजणाऱ्या नव्या साहेबांनी मोजणी दारात आल्यापासून नाही, फाइल बनल्यापासून धरली होती. भाजीच्या तराजूवर मी घर उभं केलं, मापातलं पाप मला लगेच कळतं. मी आवाज चढवला.

दारावरची नर्सबाई आमच्या नेहमीच्या ओळखीची. आलेल्या प्रत्येक बाईच्या पाठीवर हात ठेवून ती आधी "बस वं माय" म्हणते. मला म्हणाली, "काहून ओरडून राहिले भाऊ? तिले अजून धाप लागते."

पुढच्या खेपेपासून नर्सबाई दारातच पेशंटच्या मनगटावर बॉलपेननं आल्याची वेळ लिहू लागली. नाडी बघायला डॉक्टर हात धरणार, तेव्हा वेळ दिसणारच. आमचा नंबर खरंच लवकर लागू लागला.

परवा दारावर दुसरीच नर्स होती. आमच्या नर्सबाईला साहेबांनी चादरी ठेवायच्या खोलीत बसवलंय म्हणे. बायकोनं सवयीनं पुढे केलेला हात तसाच राहिला.

बाईला दारावरून का काढलं, ते साहेबांनी माझ्या बायकोसमोर उभं राहून सांगावं.