टेका, बसू नका

"टेका. बसू नका."

गिरणीत कुणीही पाऊल टाकलं की आमचे मॅनेजर एवढंच म्हणत आणि भिंतीकडे बोट दाखवत. भाताचा व्यापारी असो, इंजिनाचा मिस्त्री असो, सगळ्यांना भिंतच. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा चौलहून लग्नाचं बोलावणं घेऊन आला. त्यालाही भिंत दाखवली. तो बिचारा टोपी हातात धरून पाठ टेकून उभा राहिला, अक्षता दिल्या आणि आल्या वाटेनं परत गेला.

दुसऱ्याला बसलेलं पाहिलं की ज्यांच्या पोटात दुखतं अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखाद्या कचेरीत, पेढीवर, शाळेतसुद्धा. पण ती स्वतः खुर्चीत बसून दुसऱ्याला उभं करतात. आमचे मॅनेजर स्वतःही बसत नसत, आणि म्हणून त्यांच्यावर धड रागावताही येत नसे. मी तरीही रागवायचो.

धरमतरच्या खाडीकाठी ती पोह्यांची गिरणी होती. मी काट्यावर, पोती तोलायला. भिजवलेलं भात तापल्या वाळूत भाजायचं, चाळायचं, पाखडायचं आणि हाताला चटका बसतोय तोवर यंत्राखाली चेपायचं. गार झालं की पोहा होत नाही, चुरा होतो. म्हणून भट्टी पेटलेली असताना कुणी हात थांबवायचा नाही, हा मॅनेजरांचा कायदा. त्यात तथ्य होतं, नाही म्हणत नाही. पण यंत्रात तेल घालायला इंजिन बंद करत, वाळू बदलायला भट्टी विझवत, तेव्हाही उभंच राहायचं. त्यात कसलं तथ्य होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

विसावा अगदीच नव्हता असं नाही. भट्टीवरच्या राघोला विडी ओढायला बाहेर जाता येई. विडी विझली की विसावा संपला. आता बायका विडी ओढत नाहीत, तेव्हा बायकांना विसावा नाही. हौसाबाई म्हणून पाखडणारी एक होती, उंचनिंच, तोंडाची फटकळ. ती कुणालाच अहो-जाहो करत नसे, गिरणीच्या मालकाला, शेटलासुद्धा. ती एक दिवस मशेरीची डबी घेऊन मॅनेजरांपुढे उभी राहिली.

"राघो विडी वरतो, तं मी मशेरी लावतंय. मना पन सोर बाहेर."

मॅनेजरांनी यावर खरोखरच विचार केला. हनुवटी खाजवली, छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मशेरी उभ्यानं लावता येते."

दुपारी भाकरी खायला उकिडवं बसायची परवानगी होती, मांडी घालायची नव्हती. मांडी घातली की माणूस गप्पा मारतो, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः तळहातावर भाकरी घेऊन, फेऱ्या मारत खात. कुणी कुरकुरलंच तर म्हणत, "विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे. तुमचे पाय एका दिवसात मोडतात?"

"त्याचा बरा हाय," हौसाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "त्याला हात कमरेवर ठेवाला मिलतान. आमच्या हातान सूप हाय."

सगळी गिरणी हसली. मॅनेजरही हसले असावेत, कारण ते घाईघाईनं इंजिनाकडे गेले.

गिरणीत खुर्ची एकच. ती शेटची. शेट मुंबईला असत, अधूनमधून हिशेब बघायला येत. एरवी ती खुर्ची वर खुंटीला टांगलेली. ती खाली काढून पुसायची आणि शेट गेले की परत टांगायची, हे काम मॅनेजर दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

हे वेड आलं कुठून, ते एकदा त्यांनीच सांगितलं. चौलला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. दुकान बुडालं तसे वडील ओटीवर येऊन बसले. "बसले ते बसलेच," मॅनेजर म्हणाले. "मी आठ-नऊ वर्षांचा. रोज वाटायचं, आज उठतील. आधी दुकान बसलं, मग बाप बसला, मग घर बसलं. तुम्हाला सांगतो, बसण्यासारखा रोग नाही." हे सांगतानाही ते एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

पुढे त्यांचा डावा पाय सुजू लागला. आधी घोटा, मग पोटरी. शिरा निळ्या-काळ्या होऊन वर आल्या आणि नडगीवर एक जखम झाली ती भरेचना. धोतर खाली ओढून ती झाकत. पण गिरणीत काय लपतं? मी मागे लागलो, अक्षरशः ओढून त्यांना अलिबागला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर पाय उंच ठेवून अंथरुणावर पडून राहायचं. नाहीतर पाय जाईल, आणि पायावर थांबेल असंही नाही."

परतताना एस.टी. जवळजवळ रिकामी होती. मी बसलो. ते दांडीला धरून उभे राहिले. कंडक्टर दोनदा म्हणाला, "आजोबा, जागा आहे." त्यांचं तेव्हा वय असेल पंचेचाळीस.

"शेटकडे महिन्याची सुटी मागा," मी म्हणालो.

"आजवर मी कुणाला दिली?"

"म्हणून काय झालं?"

"कोणत्या तोंडानं मागू, ते सांगा."

डॉक्टर काय म्हणाले ते मी गिरणीत सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी हौसाबाईनं रिकाम्या पोत्यांची थप्पी भिंतीशी रचली. "बस, मॅनेजर. आमी बगताव ना. कोन शेटला सांगाला जानार न्हाय." ते तिच्या अंगावर ओरडले. त्या दिवशी दुपारी मी पाहिलं, ते त्या पोत्यांना हात लावून उभे होते. गुडघा किंचित वाकला होता. भट्टीवरून राघोनं पाहिलं आणि पाठ फिरवली. हौसाबाईनं पाठ फिरवली. एकेक करत साऱ्या बायका दुसरीकडे तोंड करून पाखडू लागल्या, म्हणजे मॅनेजरांना कुणी बघणार नाही, त्यांना बसता येईल. मला वाटलं, आता बसतील. मी पोतं तोलत राहिलो.

"तोंडं इकडे करा," मॅनेजर म्हणाले. "काम इकडे आहे."

शेवटी त्यांनी सुटी मागितली. पायात पू झाला होता, ताप उतरत नव्हता, तेव्हा. शेट खुर्चीत, हे समोर उभे. महिना नाही, आठवडाच मागितला. शेट वाईट माणूस नव्हते. अगदी हळू आवाजात बोलले.

"मॅनेजर, पहिल्या भेटीत तुम्हीच मला म्हणाला होतात, बसलेला बैल आणि बसलेला माणूस, दोघं फक्त खाण्यापुरते. त्या बोलण्यावर मी तुम्हाला ठेवलं. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

ते चिडतील, भांडतील, एवढ्या वर्षांचं काही बोलून दाखवतील, असं मला वाटलं. मी काट्यापाशी त्याची वाट पाहत होतो.

"बरोबर आहे," मॅनेजर म्हणाले. आणि शेट उठल्यावर त्यांनी खुर्ची पुसली, खुंटीला टांगली आणि घरी गेले.

नवा मॅनेजर आला. त्यानं खुर्ची खाली काढली आणि दिवसभर तिच्यात बसू लागला. बाकी काही बदललं नाही. विडीचा विसावा तेवढा राहिला.

चौलला मी एकदा जाऊन आलो. नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्यांचं घर. ते अंथरुणावर होते. डावा गुडघा वाकून घट्ट झाला होता, पाय लांब होत नव्हता. वहिनी म्हणाल्या, अजूनही झोपेत उठून उभे राहायला बघतात आणि पडतात. त्यांनी मला पाट दिला. मी बसलो. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिले, पण भिंत दाखवली नाही.

मग म्हणाले, "हौसा बसते का आता?"

"नाही. नवाही बसू देत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "हा का नाही देत?" ते म्हणाले. "याला काय झालंय?"

मला विचारायचं होतं, तुम्हाला काय झालं होतं? पण वहिनी चहा घेऊन आल्या आणि ते राहिलं.

पावसाळ्याआधीच ते गेले. निरोप सकाळी गिरणीत आला. राघो आणि हौसाबाई नव्या मॅनेजरकडे गेली. तो म्हणाला, "सख्खं कुणी असेल तरच सुटी. तुमचा कोण लागायचा तो?"

"बाप हाय माजा," हौसाबाई म्हणाली.

तो हसला. वयानं ती आमच्या मॅनेजरांहून फार तर दोन-चार वर्षांनी लहान असेल. सुटी दिली नाही. त्या दिवशी भाताचा मचवा धक्क्याला लागायचा नव्हता, काट्याला काम नव्हतं, म्हणून मी एकटा गेलो.

परत आलो तेव्हा कामं आवरत होती. हौसाबाईनं मला इंजिनामागे गाठलं.

"बगलास त्याला?"

"पाहिलं."

"पाय सरल झाला व्हता का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्यापुढे जमलं नाही. तिरडीवर बांधताना चौघांनी दाबूनही तो गुडघा खाली जाईना. शेवटी वर धोतर टाकून तसाच बांधला होता. मी ते सांगितलं.

"मंग तसाच जालला?"

"तसाच."

तिनं पदरानं तोंडावरचा कोंडा पुसला. भट्टी विझली होती तरी जमीन अजून तापलेली होती. हौसाबाई खाडीच्या बाजूला बघत होती आणि पुढचं बोलली ते माझ्याशी नव्हतं.

"जरा बसला असतास, तं काय झाला असता रं, मेल्या," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.