सोंड की गदा

सोमवारी सकाळी ती सोंड होती. दुपारी तिची गदा झाली. चार वाजता चहा घेऊन मी परत कॉम्प्युटरसमोर बसले, तर पुन्हा सोंड. मंगळवारी माझं जेवण होईपर्यंत तीनदा सोंड आणि तीनदा गदा. बुधवारी इंदूरहून साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या उज्जैनमध्ये एक माणूस वेडा झालाय."

"एकच?" मी विचारलं.

ईशान, मुक्ता, तुम्ही परवा फोनवर विचारलंत की आजी रिटायर झाल्यावर काय करायची. हे करायची. कॉलेजात मुलींना इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि सहा महिन्यांत कंटाळले. तेव्हा तुमचे आईबाबा नुकतेच परदेशी गेले होते, आणि इथे एसटीडी बूथवाले एकामागून एक सायबर कॅफेवाले होत होते. इंदूरच्या एका लहानशा कंपनीने इंटरनेटवर माळव्याचा ज्ञानकोश काढला होता, इंग्रजीत. कल्पना अशी, की कोणीही यावं, पान लिहावं आणि दुसऱ्याने लिहिलेलं सुधारावं. उज्जैन विभागाची एडिटर मी. माधव नगरातल्या आपल्या घराची पुढची खोली हेच उज्जैन ऑफिस. एक कॉम्प्युटर, एक मोडेम, एक रजिस्टर. रोज कोणी कुठे काय बदललं ते मी त्या रजिस्टरमध्ये रेघा आखून लिहीत असे. आजोबा हसायचे. हसू देत.

एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुसायचं, पहिल्याने परत लिहायचं, याला आमच्याकडे एडिट वॉर म्हणतात. हे वॉर चाललं होतं देवास गेटच्या बस स्टँडमागच्या एका छोट्या देवळाच्या पानावर.

देव हातभर उंच. कित्येक पिढ्यांनी त्याला तेलात कालवलेला शेंदूर चढवलेला. या लेपाला इकडे चोला म्हणतात. थरावर थर बसून मूळ मूर्ती कुठेच दिसत नाही. वरून चांदीचा वर्ख, दोन चांदीचे डोळे, आणि मधोमध एक उंचवटा, जरा डावीकडे वळलेला. गल्लीतली मराठी घरं म्हणतात, ही सोंड, देव गणपती. माळवी घरं म्हणतात, ही गदा, देव हनुमान. देवळात दोघंही शेजारी उभे राहून हात जोडतात, तिथे कोणाचं काही अडत नाही. पण ज्ञानकोशाच्या पानाला पहिलं वाक्य लागतं, आणि पहिल्या वाक्यात देवाचं नाव लागतं.

"एक जण एकदंत नावाने लिहितो, दुसरा बजरंग नावाने," साहेब म्हणाले. "पण दोघांचा आयपी अ‍ॅड्रेस एकच आहे." आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे तुम्ही इंटरनेटवर ज्या दारातून आत येता त्या दाराचा नंबर. "आणि लिहिण्याची स्टाईलही एक. दोघंही प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी लिहितात, काइंडली नोट द सेम. माणूस एकच आहे मॅडम. सकाळी गणपती, दुपारी हनुमान."

"बघते मी."

"त्यापेक्षा शेंदूर काढून बघा ना. विषय संपला."

"साहेब, चोला कोणी काढत नाही. फार जड झाला की देव आपणहून सोडतो."

"किती दिवसांत?"

"कधी चाळीस वर्षं, कधी पन्नास."

साहेब बंगलोरहून शिकून आले होते. पन्नास वर्षं थांबणं त्यांना जमणारं नव्हतं. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत मिटवा. नाहीतर पान डिलीट, तो कॅफे ब्लॉक, आणि उज्जैन विभाग मी इथूनच चालवीन."

म्हणजे माझी नोकरी गेली. मुलांनो, जन्मभर मी लोकांच्या चुका लाल शाईने दाखवल्या आणि लोकांनी तोंडं वाकडी केली. ही पहिली नोकरी, जिथे चूक दाखवली की माणसं थँक्यू लिहून पाठवायची. ती मला सोडायची नव्हती. मी रजिस्टरमध्ये 'सोमवार' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

गुरुवारी सकाळी कॅफेत गेले. देवास गेटजवळ, चपलांच्या दुकानावर. प्लायवूडची तीन खोपटी, त्यातले दोन कॉम्प्युटर बंद. मालकीण संगीता काउंटरवर बसून कोल्ड्रिंकचा फ्रिज पुसत होती. मी तिला विचारलं, देवळाचं पान कोण लिहितं? कपाळाला हात लावून तिने तिसऱ्या खोपटाकडे बोट दाखवलं.

आत खुर्चीवर दत्तोपंत कानडे. बँकेतून रिटायर झालेले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होते आणि ते दत्तोपंत पहिल्या भेटीतच सांगतात. शेजारी स्टुलावर मांगीलालजी, भैरवगढ़चे छपाईवाले. तुमच्या पलंगावर ती ठशांची चादर आहे ना, ती त्यांच्याकडचीच. दोघं जुने दोस्त, रोज सकाळी पोहे एकत्र खाणारे. मांगीलालजी दोन्ही हात पाठीमागे बांधून डिक्टेशन देत होते.

"लिखो दत्तू भैया, ये गणपति नी हे, हनुमानजी हे."

दत्तोपंतांनी दोन बोटांनी टाइप केलं. मग मान वळवून म्हणाले, "इसमें 'निःसंशय' भी डाल दूँ? ज़ोर आएगा."

"डाल दो."

"और नीचे, काइंडली नोट द सेम."

"वो तो चाहिए ही."

पान सेव्ह झालं. दत्तोपंतांनी चष्मा पुसला, बजरंग नावातून बाहेर पडले, एकदंत नावाने आत शिरले आणि आत्ताच लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. मांगीलालजी शांतपणे बघत होते. झाल्यावर म्हणाले, "हो गया? चलो चाय पी लें, फिर मेरी बारी."

मला इतकं हसू आलं की मी प्लायवूडला टेकले आणि प्लायवूड हललं. दोघंही दचकून उठले.

"दत्तोपंत! त्यांचंही तुम्हीच टाइप करता?"

"बाई, त्यांचे हात बघा."

मांगीलालजींनी हात पुढे केले. छपाईच्या रंगाने मनगटापर्यंत निळे. संगीता काउंटरवरून ओरडली, "आँटीजी, पहले दिन पूरा कीबोर्ड नीला कर दिया था! मैंने कहा, आप बोलो, छूना मत."

"आणि लिहून झालं की तुम्हीच पुसता?"

"पुसतो तो एकदंत," दत्तोपंत गंभीरपणे म्हणाले. "टाइप करतो तो मी. आणि त्यांचा एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. हयात बँकेत गेली माझी."

"उलटा अच्छा कर देते हैं," मांगीलालजी म्हणाले. "अंग्रेज़ी में म्हारी बात ज़्यादा सच्ची लगे हे."

मग मी सोमवारची गोष्ट सांगितली. दोघांचे चेहरे उतरले.

"देवता को मिटा देंगे?"

"पान मिटेल, मांगीलालजी. देव आहे तिथेच राहील."

"और आपकी नौकरी, बाईसाब?"

"तीही जाईल."

"और मेरा कैफ़े ब्लॉक!" संगीता फ्रिज सोडून आत आली. "सुनो दोनों, आज से चाय बंद, जब तक फ़ैसला नहीं होता." बहुतेक या धमकीनेच काम पुढे सरकलं.

आमच्या ज्ञानकोशाचा पहिला नियम असा, की कुठल्याही विधानाला सोर्स लागतो. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधी कुठेतरी ते लिहिलेलं असावं लागतं. 'आमची आजी सांगायची' याला सोर्स म्हणत नाहीत. (होय, मुक्ता, हे मीच सांगतेय.) मी दोघांना शुक्रवारी आपापला पुरावा घेऊन घरी बोलावलं.

दत्तोपंतांनी शालीत गुंडाळून एक मोडी कागद आणला. स्वतःच वाचून दाखवला: देवाजवळचा हौद गळतो, दुरुस्त करावा.

"कोणता देव?"

दत्तोपंतांनी कागद उलटा केला, परत सुलटा केला. "त्या काळी सगळ्यांना माहीतच होतं, म्हणून लिहिलं नसावं."

मांगीलालजींनी आपल्या आजोबांच्या हातचा लाकडी ठसा आणला. देवाच्या पडद्यावर छापायला आजोबांनी तो खास देव बघून कोरलेला. मी चष्मा लावला. ठशात एक गोळा, दोन डोळे, मध्ये एक उंचवटा. जरा डावीकडे वळलेला.

"मांगीलालजी, ही सोंड की गदा?"

"म्हारा दादाजी ईमानदार था, बाईसाब. जो दिखा, वो बनाया."

मग आम्ही तिघं देवळात पंडितजींकडे गेलो. ते ताटं घासत होते. मान वर न करता म्हणाले, "बुधवार को दूर्वा चढ़ती है, मंगल-शनि को तेल. लड्डू दोनों तरफ़ से आते हैं. मुझे बीच में मत घसीटो."

शुक्रवार संपला. सोर्स शून्य. रजिस्टरमध्ये तसं लिहिलं आणि बसून राहिले. मग कॉलेजातली एक जुनी सवय आठवली. डिबेटच्या तयारीत दोन मुली फारच तावातावाने भांडायला लागल्या, की मी त्यांच्या बाजू बदलून टाकत असे.

शनिवारी कॅफेत मी जाहीर केलं, "आज हनुमानाची बाजू दत्तोपंत लिहिणार आणि गणपतीची मांगीलालजी. लोक काय म्हणतात आणि का म्हणतात, एवढंच लिहायचं. देव कोण, हे ठरवायचं नाही. टायपिंग नेहमीप्रमाणे."

"हे काय भलतंच!" दत्तोपंत म्हणाले.

"ये तो अधर्म हे," मांगीलालजी म्हणाले.

"चाय," संगीता म्हणाली.

दत्तोपंत खुर्चीत बसले. आधी कुरकुरत. पण मांगीलालजींचा पक्ष ते सोमवारपासून टाइप करत होते, त्यांना तो तोंडपाठ होता. आणि आपण लबाडी केली असं दोस्ताला वाटू नये म्हणून त्यांनी आणखी एक मुद्दा घातला, जो मांगीलालजींना कधी सुचलाच नव्हता: देवाचं तोंड दक्षिणेला आहे, आणि दक्षिणमुखी म्हटला की लोकांना मारुतीच आठवतो.

मांगीलालजी स्टुलावरून अर्धे उठले. "ये तुमको मालूम था? और इतने दिन बोले नहीं?"

"विरुद्ध पक्षाने का सांगावं?"

आता मांगीलालजींना चेव आला. हात पाठीमागे बांधून ते सांगू लागले. उंचवटा डावीकडे वळलाय, आणि डाव्या सोंडेचे गणपती घरोघरी असतात. ओट्याखाली उंदरांची वस्ती आहे आणि आजवर कोणी त्यांना हाकललेलं नाही. दत्तोपंतांची दोन बोटं कीबोर्डवर थांबली.

"उंदीर! मला कसं सुचलं नाही?"

"लिखो, लिखो," मांगीलालजी म्हणाले. "और 'निःसंशय' मत डालना. म्हारे को इतना भी भरोसा नी हे."

राहिला एकच प्रश्न. पानावर आधी कोणाची बाजू? मी भांडणाच्या तयारीत पदर खोचला. पण मांगीलालजी लगेच म्हणाले, "पहले गणपति. हर काम में पहले गणपति."

दत्तोपंतांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे मान्य केलंत?"

"क्रम माना हे, दत्तू भैया. मूर्ति नी मानी."

सोर्सच्या जागी मी खरं तेच लिहिलं: मूर्ती चोल्याखाली आहे, लिखित पुरावा मिळालेला नाही, गल्लीत दोन समजुती आहेत. पानाचं नाव ठेवलं 'देवास गेटमागचं शेंदरी देऊळ'. त्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता, कारण शेंदूर सगळ्यांना दिसत होता.

सोमवारी दहाला फोन वाजला. "मॅडम, शनिवारपासून पान हललेलं नाही. वेडा बरा झाला?"

"साहेब, ते दोघं आहेत."

"मग टायपिंग एकाचं कसं?"

मी सांगितलं. निळ्या हातांपर्यंत आल्यावर त्यांचं हसणं सुरू झालं आणि 'निःसंशय'पाशी ते फोन बाजूला ठेवून आधी हसून आले. कॅफे ब्लॉक झाला नाही. उज्जैन ऑफिस माधव नगरातच राहिलं. फक्त पानावरचं 'काइंडली नोट द सेम' काढा म्हणाले. दोन होते. एक मी काढलं. दुसरं दत्तोपंतांनी हात जोडून मागून घेतलं.

दोनेक वर्षांनी एका मंगळवारी देवाने चोला सोडला. मोठ्या कवचासारखा तो निघून आला. पंडितजींनी दार लावून घेतलं. अर्धी गल्ली बाहेर उभी. पुढे दत्तोपंत, मांगीलालजी, मी, आणि कॅफे बंद करून आलेली संगीता. जुना चोला क्षिप्रेत विसर्जन करायला टोपल्यांतून नेला. मध्यान्ह उलटल्यावर दार उघडलं. देव नव्या जाड चोल्यात, नवा वर्ख, तेच डोळे, आणि मध्ये तोच उंचवटा, डावीकडे वळवलेला.

पंडितजी बाहेर आले. सगळ्या उज्जैनमध्ये मूर्ती पाहिलेला एकच माणूस. मिशीत हसत दोघांना म्हणाले, "बताऊँ?"

"नहीं!" दोघं एकदमच ओरडले.

"पेज अच्छा चल रहा हे, महाराज," मांगीलालजींनी समजावलं.

मी मात्र प्रसादाला हात पुढे केला, तेव्हा पंडितजी वाकले आणि माझ्या कानात एक शब्द बोलले.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "काय निघालं मॅडम? पान अपडेट करू या."

"साहेब, एका माणसाने पाहिलं आणि एका म्हातारीच्या कानात सांगितलं. आपल्या नियमात याला काय म्हणतात?"

त्यांनी सुस्कारा सोडला. "सोर्स नाही."

"मग पान आहे तसंच."

तर मुलांनो, एवढ्या नोकरीतून मी एकच शिकले. भांडण मिटवायचं असेल तर माणसांना एकमेकांची बाजू लिहायला लावावी, आणि टायपिस्ट प्रामाणिक निवडावा. तो एक शब्द फोनवर विचारू नका, सांगणार नाही. इथे या, देवळात न्या मला, कान पुढे करा. आणि तो तुम्हीही कुठे लिहायचा नाही. काइंडली नोट द सेम.